खराट्याचे तास

गेल्या श्रावणातला शेवटचा सोमवार. त्या दिवशी अकोल्यात रस्ता रस्त्यासारखा राहत नाही. पोट्टे रात्रभर अनवाणी चालून गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणतात, सतरा-अठरा किलोमीटर, आणि राजेश्वराच्या पिंडीवर घालतात. ढोलांनी कान किटलेले, मी जठारपेठेतल्या घराच्या खिडक्या लावून बसलेली, तेवढ्यात शेजारची अकरावीतली पोरगी आत आली. हातात पुठ्ठ्याची डायरी.

"आजी, मले एकशेवीस तास भरायचे हायेत. कुठी भरू?"

"कायचे तास?"

"सेवेचे. एनएसएस घेतलं ना मी. मोबाइलवर पाह्यलं, तं समदे पुण्या-मुंबईचेच पत्ते निघून राह्यले."

मला हसू आलं आणि थोडं लागलंही. तीस वर्षं मी हीच डायरी पोरांकडून भरून घेतली होती. एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचं आणि वरून राष्ट्रीय सेवा योजना सांभाळायची. वर्षाचे १२० तास, दोन वर्षांचे २४०, मध्ये एक सात दिवसांचं शिबिर, शेवटी प्रमाणपत्र. खाली रस्त्यावर तिच्याच वयाचे पोट्टे खांद्याची सालटं निघेस्तोवर कावड वाहत होते, त्यांना कुणी तास विचारत नव्हतं. आणि हिला सेवा करायची तर जागा सापडत नव्हती. तिला हवा होता पत्ता. मी तिला इतिहास सांगत बसले, ही मास्तरणीची खोड.

माझा जन्म १९५६ चा, मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात, दापुऱ्यापासून दोन-अडीच कोसांवर. त्याच साली २० डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबा जन्मले शेंडगावला, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, पण वाढले दापुऱ्यात. वडील गेल्यावर आई लेकराला घेऊन माहेरी आली आणि डेबू मामाच्या वावरात राबून मोठा झाला. त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना गाडगेबाबा फोटोतले ठाऊक नव्हते, शेजारगावचे ठाऊक होते. माझी आजी त्यांना शेवटपर्यंत 'डेबूबाबा' म्हणे.

आजीची एक आठवण होती. ती नवी नवरी होऊन आली त्या दिवसांतली. सकाळी उठून पाहते तर पारापाशी एक माणूस झाडतो आहे. अंगात चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर गाडग्याचं खापर. माझ्या पणजोबांना वाटलं, आला असेल कुणी भाकरीच्या आशेनं. त्यांनी ओसरीवरूनच हाक मारली, "ए, तिकडची गल्लीबी झाड." त्या माणसानं ती गल्लीही झाडली. दुपारी भाकर मागितली ती उभ्यानं, खापरात घेतली. संध्याकाळी त्याच पारावर कीर्तनाला गाव लोटलं तेव्हा कीर्तनकार म्हणून तोच उभा. आजी सांगे, "तुह्या पंजोबानं त्या रातीला तोंड नाही दाखवलं. माणसाईत बसलेच नाहीत. मांगं, कोठ्यापाशी उभे."

लहानपणी मला ही गोष्ट गमतीची वाटे. राजानं भिकाऱ्याचं सोंग घेतलं, अशा जातीची. मुलांना शिकवायला लागले तेव्हा कळलं की गोष्ट सोंगाची नव्हतीच. पणजोबांनी त्या माणसाला ओळखलं नाही हे खरं, पण त्यांनी खराटा मात्र बरोबर ओळखला होता. गाव झाडणं हे कुणाचं काम आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्याच्या हातात खराटा त्याला 'ए' म्हणायचं, हेही माहीत होतं. गावगाड्यात कष्टाची कामं फुकट करून घ्यायची रीत जुनीच. तिला सेवा म्हणत नसत, वेठ म्हणत, बिगार म्हणत. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन परगावी पळायचं, साहेबाचं सामान वाहायचं. ज्याच्या जातीला ते नेमून दिलेलं त्याच्या पोरालाही ते चुकत नव्हतं. दहा-बारा वर्षांचं लेकरू बापाच्या मागे बिगारीला जाई. फुकट राबणाऱ्या किशोरवयीन मुलांची मोजदाद करायची तर ती तिथून करावी लागेल.

म्हणून वऱ्हाडातल्या स्वयंसेवेचा इतिहास मी सुरू करते तो त्या खराट्यापासून. बाबा परीट घरातले. दुसऱ्याचा मळ काढणं जातीनं त्यांच्या वाट्याला दिलंच होतं. त्यांनी तेच काम उचललं, पण कुणी सांगायच्या आधी उचललं आणि मग ते पाटलाच्या हातात दिलं. बाबा झाडायला लागले की थोड्या वेळानं गावातला एखादा शरमून खराटा घेई, मग दुसरा. पोट्टे सर्वांत आधी येत, त्यांना शरम कमी आणि हौस जास्त. दुपारपर्यंत उकिरडे हललेले असत. सेवा तिथे सुरू झाली, जिथे ज्याचं काम नव्हतं त्यानं ते हातात घेतलं. आपापलंच काम करणारा माणूस कष्टाळू असतो, त्याला स्वयंसेवक म्हणत नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडल्यावर बाबांचं ठाणं वारंवार पडलं ते ऋणमोचनला. अमरावती जिल्ह्यात, पूर्णेच्या काठी. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. पूर्णाकाठची काळी माती एकदा भिजली की पाय घोट्यापर्यंत गिळते; तिथे आंघोळीला उतरणाऱ्या म्हाताऱ्या बाया घसरून पडत. बाबांनी आधी फावडं घेऊन उताराच्या पायऱ्या खणल्या, पुढे लोकांकडून पैसा उभा करून घाट बांधवला. यात्रेत लुळ्यापांगळ्यांना जेवू घालायची रीत त्यांनी पाडली. हे सगळं काम करणारे हात आसपासच्या खेड्यांतल्या तरण्या पोरांचे. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण सराव ऋणमोचनच्या चिखलात झाला होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. खराटा कुठून निघाला आणि कुठे पोचवायचा, हे त्यांच्या डोक्यात साफ होतं.

आमच्या घरात मात्र सेवा आली ती खराट्यानं नाही, खंजिरीनं.

वडील गुरुदेव सेवा मंडळाचे. तुकडोजी महाराज यावलीचे, जन्म ३० एप्रिल १९०९ चा. १९३५ साली त्यांनी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज उभारलं. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा पेटलं तेव्हा इंग्रज सरकारनं महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. वडील त्या वेळी तेरा-चौदा वर्षांचे. चळवळीत त्यांनी काय केलं विचारलं तर म्हणत, "चिठ्ठ्या पोचवल्या. त्यात काय लिहिलं होतं ते नाही वाचलं, तेवढीच माही देशसेवा."

स्वातंत्र्यानंतर गावोगाव मंडळाच्या शाखा झाल्या. आमच्या गावची शाखा म्हणजे एक पेटी, दोन खंजिऱ्या, एक तबला, एक सतरंजी आणि एक कंदील. रोज दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना. या शाखेत पोरांना भरती व्हायचं तर अर्ज नव्हता. सतरंजी अंथरायला ये म्हणायचे, झालं. सतरंजी अंथरणं ही पहिली पायरी. सहा महिने ती नीट अंथरली, चारही कोन ताणले, की चपला ओळीनं लावायचं काम मिळे. त्यानंतर प्रार्थनेत पुढे बसायला मिळे. आणि खंजिरी हाताला लागायची ती मिसरूड फुटल्यावर. गावात लग्न असो की मयत, हीच पोरं पाणी भरत, पंगत वाढत. नाल्यावर मातीचा बंधारा टाकायचा तर हीच पोरं घमेली वाहत. घरी काडीला हात न लावणारा माझा भाऊ तिथे पंधरा घमेली मोजून टाके. आईला त्याचा राग येई. तिचं म्हणणं, देवाच्या घरी लोण्यावानी आणि आईच्या घरी दगडावानी, ही कसली सेवा? या प्रश्नाचं उत्तर मला नोकरीभर सापडलं नाही.

पोरींना सतरंजी नव्हती. मी हट्ट केला तेव्हा वडिलांनी मला कंदिलाची काच दिली. रोज संध्याकाळी राखुंडी घेऊन ती घासायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं. आठ वर्षांची असल्यापासून न्हातीधुती होईपर्यंत, चार वर्षं, मी ती काच सांभाळली. एकदाच फुटली. त्या संध्याकाळी प्रार्थना अंधारात झाली आणि मला कुणी बोललं नाही, याचंच मला रडू आलं. पुढे आईनं काच काढून घेतली, चुलतभावाला दिली. कारण मला सांगितलं नाही, मी समजले.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. वडील सायकलीवर मूर्तिजापूर, तिथून एसटीनं मोझरी असे गेले आणि तिसऱ्या दिवशी परतले. आजही पुण्यतिथीला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मोझरीला हजारो माणसं जागच्या जागी थांबतात. मी दोनदा पोरांना घेऊन गेले आहे. मौन संपल्यावर पहिला आवाज येतो तो पाण्याच्या टाकीजवळच्या स्टीलच्या पेल्यांचा. पेले विसळणारे सगळे चौदा-पंधराचे.

खेड्यात पार होता तशी अमरावती शहरात तालीम होती. वैद्य बंधूंनी, अनंत कृष्ण आणि अंबादासपंत यांनी, १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. माझे मोठे मामा तिथल्या मल्लखांबावरून पडून हात मोडून घेतलेल्यांपैकी. तो वाकडा हात ते अखेरपर्यंत मिरवत. राजगुरू या मंडळात शिकून गेले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथे कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली, या दोन गोष्टी मामा इतक्या वेळा सांगत की आम्हाला वाटे, दोन्ही वेळी मामा तिथेच होते. जन्मसाल विचारलं की विषय बदलत.

त्याच शहरात पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय उघडलं, सगळ्या जातींच्या पोरांची एक पंगत. १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीत परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. परिषदा भाषणांनी गाजतात, पण मांडव घालणारे, लोकांना उतरवून घेणारे, दाराशी उभे राहणारे कुणीतरी लागतातच, आणि ते वसतिगृहांतून आणि तालमींतूनच येत. १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा तेच. बाहेरच्याला नवल वाटतं, समुद्र शेकडो मैल लांब आणि मीठ कसलं? आमचा खारपाणपट्टा बघावा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. ते आटवलं की तळाशी मीठ. सरकारनं कर लावलेली वस्तू आमच्या बायका रोज शिव्या देत उपसत होत्या.

पण अमरावतीतलं खरं अवघड काम तपोवनात होतं. दाजीसाहेब पटवर्धन होमिओपॅथीचे डॉक्टर, व्यायाम मंडळाशी जवळचं नातं. चाळीसच्या दशकात त्यांनी शहराबाहेरच्या ओसाड माळावर कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली, तिचं नाव तपोवन. सरकारनं १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. त्या काळी महारोग्याच्या सावलीलाही माणसं भीत. मामा सांगत, लाठी-बोथाटीत कुणाला न हटणारे गडी तपोवनाच्या फाटकातून परत फिरत. मामाही एकदा फिरले होते. दुसऱ्यांदा आत गेले, एका रोग्याच्या हातचा चहा प्यायले आणि घरी येऊन आंघोळीला बसले ते बंब रिकामा होईस्तोवर उठले नाहीत. "पन दुसऱ्या रविवारी पुन्ना गेलो," एवढं ते मान वर करून सांगत. अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी सोडून दिलेल्या, अपंग, मूकबधिर, मतिमंद लेकरांसाठी जे घर केलं, त्याला अंबादासपंत वैद्यांचंच नाव आहे. २०२४ साली शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. वझ्झरच्या टेकडीवरची झाडं या लेकरांनीच लावून वाढवलेली. तिथे माझी शिबिरातली मुलं गेली होती, सेवा करायला म्हणून. त्या लेकरांनी त्यांना पाणी घालायला शिकवलं.

सरकारला सेवा आठवली ती गांधी शताब्दीत. २४ सप्टेंबर १९६९ ला राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, सदतीस विद्यापीठांत, चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर. ब्रीदाचा अर्थ, मी नाही, तुम्ही. १९७३ मध्ये दुष्काळाविरुद्ध युवक अशी देशभर शिबिरं झाली, त्यातल्या एकात मी विद्यार्थिनी म्हणून होते. मराठवाड्याइतकी झळ आम्हाला लागली नव्हती, तरी रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या, मिलोची तांबडी भाकर खाल्ली. आम्ही अकरा पोरी. आयुष्यात पहिल्यांदा कुदळ हातात आली. शेजारी मजुरीवर खोदणारी एक बाई म्हणाली, "पोरींनो, तुमी दिवसभर खोदान ते मी घंट्यात खोदीन. तुमी त्यापेक्षा माह्या पोराले दोन अक्षरं शिकवा." आमच्या सरांनी ते ऐकून सोडून दिलं, कारण अहवालात घनमीटर लिहायचे होते. शिबिर संपलं. पोराला अक्षरं कुणी शिकवली माहीत नाही.

१९८४ मध्ये मी स्वतः शिबिर घेऊन निघाले, तेव्हा अमरावती विद्यापीठ नुकतंच, आदल्या वर्षी झालं होतं. आज त्याला गाडगेबाबांचंच नाव आहे. शिबिराचं गाव सांगत नाही. पहिल्या सकाळी मी पन्नास पोरांना खराटे वाटले. एका पोरानं हात मागे घेतला. सधन घरातला, हुशार, वर्गात पहिल्या बाकावरचा. म्हणाला, "मॅडम, खड्डे खोदतो, झाडं लावतो. हे नाही." मी त्याला समजावत होते तेवढ्यात भीमनगरातला एक म्हातारा पुढे आला. म्हणाला, "द्या बाई इकडं. आमाले सवय हाये." आणि मी खराटा त्याच्या हातात दिला.

तो क्षण मी पुष्कळदा उलटवून पाहिला आहे. गोंधळ नको होता, पहिलाच दिवस होता, म्हाताऱ्याचा मान राखला, अशी कारणं मी त्या वेळी स्वतःला दिली. त्यातलं एकही चाललं नाही. पणजोबांनी निदान अंधारात तोंड लपवलं होतं. मी त्या संध्याकाळी गाडगेबाबांवर व्याख्यान ठेवलं होतं आणि ते दिलंही. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः झाडू लागले, पोरं आपोआप मागे आली, तो पहिल्या बाकावरचाही पाचव्या दिवशी आला. पण म्हातारा पुन्हा तिकडे फिरकला नाही.

एवढी एक कबुली दिली आहे तर दुसरीही देते. डायरीतले सगळे तास खरे नव्हते. वर्षाच्या शेवटी विद्यार्थी रांगेनं येत, मॅडम चौदा कमी पडतात, मॅडम तीस कमी पडतात. प्रमाणपत्रावर गुण मिळायचे, गुणांवर पुढचा प्रवेश. मी सह्या केल्या. 'परिसर स्वच्छता, ४ तास' असं लिहून महाविद्यालयाचं अंगण मी कागदावर इतक्या वेळा झाडून घेतलं की प्रत्यक्षात तिथे जमीन उरली नसती. तासांनी मोजायचं ठरवलं की तास भरले जातात, ही शोधाची गोष्ट नाही. खरं काम करणाऱ्या पोरीची डायरी मात्र नेहमी अर्धी कोरी असे. तिला भरायला वेळच मिळालेला नसे.

पुढची वर्षं भराभर सांगते. २००० साली राज्यानं गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, गोदऱ्या हटल्या, बक्षिसं लागली, आणि पथक येण्याच्या आदल्या रात्री गावं धुऊन निघाली. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यातला एक आमचा वरूड. संत्र्याच्या बागांनी आणि बोअरवेलींनी तिथली जमीन खोलवर कोरडी केली होती. पंचेचाळीस दिवस, भर उन्हाळा. सुट्टी असल्यानं शाळकरी पोरं पहाटेच डोंगरउतारावर, समतल चर खणत. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे शिक्षिका आहे. ती सांगते, एक तिसरीतला पोरगा रोज येई आणि फक्त टिकवाचे दांडे पाण्यात भिजवून ठेवी, म्हणजे ते ढिले होत नाहीत. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

२०१८ च्या जानेवारीत अकोल्यातच मोर्णा नदी साफ करायला माणसं उतरली. तेरा तारखेचा शनिवार, चार किलोमीटर पात्र, दोन्ही काठांचे चौदा घाट, सहा हजारांवर माणूस. पंतप्रधानांनी रेडिओवर त्याचा उल्लेख केला. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते, तरी गेले. जलकुंभीची जाड गादी दोरानं काठाला ओढायची. वर हिरवीगार, खाली मुळांना काळा चिखल आणि त्याचा वास. माझ्या शेजारी नववीतली दोन पोट्टी दोर धरून. एकीनं विचारलं, "हे पुन्ना नाही ना येनार?" जलकुंभी पंधरवड्यात दुप्पट होते, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "येईल. म्हणून पुढच्या शनिवारी ये." ती आली. पुढचे दोन-तीन शनिवार आली. नंतर परीक्षा आल्या आणि दोरावरचे हात कमी झाले, माझे धरून.

इतकं सगळं ऐकून घेतल्यावर पोरगी म्हणाली, "आजी, पन मी जाऊ कुठी?"

खरंच होतं. आम्ही दोघींनी मग रीतसर शोध घेतला. रक्तदान शिबिरात अठरा पूर्ण लागतात. तिला फार तर बिस्किटं वाटता आली असती. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजायचे तिला फार वेड, तिथेही वय आडवं. केंद्राचं मेरा युवा भारत नावाचं संकेतस्थळ पंधरा ते एकोणतीस वयाला खुलं आहे, तिथे नाव नोंदवलं. पावती आली, काम नाही आलं. पुण्यतिथीला मोझरीला जायचं ठरलं होतं, तर घरून परवानगी मिळाली नाही, कारण मुक्काम होता. कंदिलाची काच मला आठवली, पण मी बोलले नाही.

शेवटी ज्या कामासाठी सोळा वर्षंच लागतात, मोठा माणूस चालतच नाही, असं एक काम सापडलं. दृष्टिहीन विद्यार्थी बोर्डाच्या परीक्षेला बसतो तेव्हा त्याला लेखनिक लागतो, आणि लेखनिक त्याच्याहून खालच्या इयत्तेतला असावा असा नियम आहे. बारावीच्या परीक्षेला अकरावीतली पोरगी. मी एम.ए. असून मला ते करता येत नाही, हिला येतं. ऐन परीक्षेत लेखनिक मिळत नाही म्हणून आईबाप दारोदार फिरताना मी पाहिले आहेत, कारण त्याच महिन्यात ज्याच्यात्याच्या पोराची आपलीही परीक्षा असते.

एका परिचित शिक्षकांच्या ओळखीनं तिची गाठ बारावीतल्या एका मुलाशी पडली. दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी दोन तास सराव. तो सांगणार, ही लिहिणार. पहिल्या दिवशी परत आली ती रडवेली. "लय भरभर बोलते तो. मी म्हनलं हळू सांग, तं म्हनते पेपर काय हळू चालनार हाये का." मग हळूहळू ताल बसला. त्याच्या वाक्याचा पूर्णविराम कुठे येतो हे तिला श्वासावरून कळायला लागलं, असं ती सांगे. डायरी तिनं माझ्याकडेच विसरली होती. मी ती टीव्हीवर ठेवली.

जानेवारीत इतिहासाची सराव परीक्षा झाली. संध्याकाळी पोरगी आली ती पाय आपटत, चप्पल दाराबाहेर भिरकावून.

"काय वो, काय झालं?"

"आजी, मिठाच्या सत्याग्रहाचं साल इचारलं होतं. त्यानं सांगतलं एकोनीसशे बेचाळीस! बेचाळीस! तुमी मले दहीहंड्याचं सांगतलं होतं ना, तीस. मले येत होतं. पेनाच्या टोकाशी आलं होतं."

"मग?"

"मग काय. बेचाळीसच लिहा लागलं."